जुन्या विमानाचे वय

वस्तूंचा इतिहास लिहिताना आपण बहुधा त्यांच्या जन्माचा इतिहास लिहितो. शोध कोणी लावला, पहिला नमुना कधी तयार झाला, पहिले उड्डाण कुठे झाले, एवढे सांगून झाले की इतिहासकाराची लेखणी पुढच्या शोधाकडे वळते. ती वस्तू नंतर पन्नास-साठ वर्षे कशी टिकली, तिचे कोणते भाग कोणी आणि कशासाठी बदलले, आणि इतके बदल पचवूनही लोक तिला त्याच नावाने का ओळखत राहिले, हा इतिहास सहसा अलिखित राहतो. एका इंजिनाचे खासगी विमान मात्र याला अपवाद आहे. त्याच्या देखभालीची नोंद ठेवणे कायद्यानेच बंधनकारक असते. त्यामुळे अशा प्रत्येक विमानाबरोबर त्याचे चरित्रही लिहिले जात असते. साहित्याच्या अभ्यासकांनी या चरित्राकडे एकदा तरी पाहायला हवे, असे आम्हांला वाटते.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील सेस्ना १७२ हे विमान घेऊ. चार आसनांचे, वर पंख असलेले, पुढे एक चाक आणि मागे दोन चाके असलेले हे साधेसुधे विमान कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात तयार झाले. पहिले उड्डाण १९५५ चे, विक्री १९५६ पासून. आजपर्यंत या जातीची ४४,००० हून अधिक विमाने बांधली गेली. जगात दुसऱ्या कोणत्याही विमानाच्या वाट्याला एवढी संख्या आलेली नाही. आपल्याकडच्या वैमानिक-प्रशिक्षण संस्थांतूनही ते अनेकांनी पाहिले असेल.

त्याच्या टिकाऊपणाची सर्वांत विलक्षण कसोटी फार लवकर लागली. लास व्हेगासच्या हॅसिएंडा या हॉटेलाच्या जाहिरातीसाठी रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघे ४ डिसेंबर १९५८ रोजी एका सेस्ना १७२ मधून उडाले आणि ७ फेब्रुवारी १९५९ रोजी उतरले. मधले ६४ दिवस, २२ तास विमान जमिनीला टेकले नाही. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावरून एक ट्रक धावे, विमान त्याच्या डोक्यावरून तेवढ्याच गतीने उडत राही आणि खालून नळी ओढून घेऊन इंधन भरले जाई. या पराक्रमातला आमच्या विषयाचा भाग वेगळाच आहे. टिम त्या हॉटेलातल्या जुगाराच्या यंत्रांचा मेकॅनिक होता आणि कुक विमानांचा. इंजिन चालू असतानाच त्यातले तेल आणि तेलाची गाळणी बदलता यावी, अशी नळ्यांची योजना त्या विमानात केलेली होती. सुमारे १,५५८ तास इंजिन अखंड फिरले. अखेरीस जनरेटर बंद पडला होता, सिलिंडरांत आणि स्पार्क प्लगांवर काजळी इतकी साचली होती की पूर्ण इंधन भरल्यावर विमान वर चढायला कुरकुरत होते. मानवी वैमानिकांनी केलेला हा विक्रम अजून अबाधित आहे. विक्रम उड्डाणाचा म्हणून नोंदला गेला. खरे तर तो देखभालीचा होता.

सामान्य मालकाचे विमान वर्षाला फार तर शंभरएक तास उडते. म्हणजे टिम-कुक यांनी नऊ आठवड्यांत जे इंजिन झिजवले, तेवढे झिजवायला त्याला पंधरा वर्षे लागतील. पण न उडणारे विमान शाबूत राहते, हा समज खोटा आहे. उभ्या इंजिनात दमट हवा शिरते, कॅमशाफ्टवरचा तेलाचा थर उतरतो आणि गंज धरतो. म्हणून अमेरिकेत दर बारा महिन्यांनी वार्षिक तपासणी सक्तीची आहे. विमान किती उडाले याच्याशी तिचा संबंध नाही. तेल बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे, टायर बदलणे अशी कामे मालक-वैमानिक स्वतः करू शकतो. परंतु वार्षिक तपासणीनंतर ‘हे विमान उडण्यास योग्य आहे’ असे लिहून सही करण्याचा अधिकार विशेष परवाना असलेल्या मेकॅनिकलाच असतो.

ही विमाने इतकी जुनी का झाली, याचे उत्तर मात्र यंत्रशाळेत मिळत नाही, ते न्यायालयात मिळते. १९७८ साली अमेरिकन कारखान्यांनी सुमारे १७,८०० लहान-मोठी खासगी विमाने विकली. १९९४ साली हा आकडा हजाराच्याही खाली आला. मंदी होती, इंधन महागले होते, बाजारात जुनी विमाने मुबलक होती. पण कारखानदारांच्या मते मुख्य कारण नुकसानभरपाईचे दावे हे होते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी विकलेले विमान पडले तरी वारस कारखान्याला न्यायालयात खेचत, आणि त्या दाव्यांच्या विम्याचा खर्च नव्या विमानाच्या किमतीवर चढे. १९८६ साली सेस्ना कंपनीने पिस्टन इंजिनाची लहान विमाने बांधणेच थांबवले. पुढची दहा वर्षे नवे १७२ जन्मालाच आले नाही. ज्यांना उडायचे होते त्यांना असलेलेच विमान टिकवण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

१७ ऑगस्ट १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. विमान पहिल्यांदा विकल्यापासून १८ वर्षे लोटली की, काही अपवाद वगळता, कारखान्यावर दावा लावता येणार नाही, असा त्याचा आशय. सेस्नाने १९९६ मध्ये १७२ चे उत्पादन पुन्हा सुरू केले. या कायद्यातले एक कलम मात्र तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीही वाचावे असे आहे. विमानाचा एखादा भाग बदलला, तर त्या भागापुरती अठरा वर्षांची गणना नव्याने, बदल पूर्ण झाल्याच्या दिवसापासून सुरू होते. म्हणजे १९६५ चा सांगाडा, १९९८ चा सिलिंडर आणि २०१७ चे होकायंत्र एकाच वेळी आकाशात असतात आणि कायद्याच्या दृष्टीने त्या प्रत्येकाचे वय वेगळे असते. विमानाचे एक असे वय उरतच नाही.

मिलिंदप्रश्नातला रथाचा दृष्टान्त येथे आठवल्याशिवाय राहत नाही. भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास. मग रथ म्हणजे आस का, चाक का, जू का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सर्वांच्या आश्रयाने ‘रथ’ ही केवळ संज्ञा चालते. अमेरिकन विमान-कायद्याने या संज्ञेला एक ठिकाण दिले आहे. कारखान्याचे नाव, नमुना आणि अनुक्रमांक कोरलेली एक लहानशी धातूची पट्टी विमानावर बसवलेली असते. पंख बदला, इंजिन बदला, सारा पत्रा बदला, विमान तेच राहते; ती पट्टी मात्र परवानगीवाचून काढण्यास मनाई आहे. नागसेनाला हे उत्तर पटले नसते, पण दफ्तराला पटते.

तथापि भागांची वये वेगळी आहेत ही केवळ कायद्याची कसरत नव्हे, धातूचीही तीच रीत आहे. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातील डेटोना बीच येथे प्रशिक्षणाच्या एका पायपर विमानाचा पंख उड्डाणानंतर थोड्याच वेळात निखळला. आतले दोघेही दगावले. ते विमान २००७ चे होते. या क्षेत्रात ते तरुणच म्हणायचे. पण ते साडेसात हजारांहून अधिक तास उडाले होते, आणि पंखाच्या मुख्य तुळईला बोल्टच्या भोकापाशी थकव्याची भेग पडली होती. डोळ्यांना ती दिसणारी नव्हती. पुढे विमान-प्रशासनाने अशा विमानांच्या त्या भोकांची विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने तपासणी करण्याचा आदेश काढला. एखाद्या हौशी मालकाचे १९६४ चे विमान याहून ‘तरुण’ असू शकते. ते ठरवायचे तर उडालेल्या तासांची खरी नोंद हाताशी हवी.

सेस्नाच्या बाबतीत असाच एक आदेश १९८७ चा आहे. वैमानिकाचे आसन ज्या रुळांवर पुढे-मागे सरकते, त्या रुळांतली भोके झिजतात. उड्डाण करताना नाक वर होते, आसनाची खीळ निसटते, आसन मागे घसरते आणि घाबरलेला वैमानिक हातातले सुकाणू धरून स्वतःबरोबर मागे ओढतो. विमान आणखी वर चढू पाहते, वेग हरवते आणि कोसळते. उपाय एवढाच की भोकांची झीज ठरावीक काळाने मोजायची आणि मोजल्याचे लिहून ठेवायचे. माणसाचा जीव अशा एका दिसायला क्षुद्र नोंदीवर टांगलेला असतो.

म्हणून विमानाच्या लॉगबुकला आम्ही एक वाङ्मयप्रकारच मानू. त्याची शैली कठोर आहे: तारीख, केलेल्या कामाचे वर्णन, सही, परवान्याचा क्रमांक. विशेषणांना जागा नाही. सांगाड्याचे आणि इंजिनाचे लॉगबुक सहसा वेगळे असते, आणि विमानाचे मालक कितीही बदलले तरी ते विमानाबरोबर जाते. ते हरवले तर विमानाची किंमत उतरते, जरी धातूत काडीचाही फरक पडलेला नसतो. येथे मराठीच्या अध्यापकाला शके १५०६ ची आठवण व्हावी. एकनाथांनी त्या साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, शिरलेले अपपाठ दूर केले आणि शेवटी जोडलेल्या ओव्यांत शक, संवत्सर, कामाचे स्वरूप आणि आपले नाव नोंदवले. पुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये, असेही बजावले. तीनशे वर्षे वापरात असलेल्या ग्रंथाची ती डागडुजी होती, आणि जीर्णोद्धार करणाऱ्याने आपला हात कुठे लागला हे लपवले नाही. चांगला मेकॅनिक याहून वेगळे काही करत नाही.

आता सुधारणेविषयी. दुरुस्ती वस्तूला पूर्वस्थितीत आणते, सुधारणा तिला नसलेले काही देते. व्यवहारात ही रेघ पुसट असते. पहिल्या १७२ मध्ये कॉन्टिनेंटल कंपनीचे सहा सिलिंडरांचे १४५ अश्वशक्तीचे इंजिन होते. १९६८ च्या नमुन्यात लायकमिंगचे चार सिलिंडरांचे १५० अश्वशक्तीचे आले. १९७७ मध्ये १६० अश्वशक्तीचे नवे इंजिन आले, पण त्याचे टॅपेट आणि कॅमशाफ्ट अकाली झिजू लागल्याने १९८१ मध्ये कारखान्याला ते बदलावे लागले. नवे म्हणजे सुधारलेले असे नव्हे, हा धडा त्यातून अनेक मालक शिकले. मालकाला स्वतः मोठा बदल करायचा असेल तर मान्यताप्राप्त आराखडा, बहुधा पुरवणी प्रमाणपत्र, लागते. या काटेकोरपणाची एक विचित्र परिणती अशी झाली की घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानांत स्वस्त आणि विश्वसनीय इलेक्ट्रॉनिक उपकरणे दिसू लागली, तरी प्रमाणित विमानांत हवेच्या पंपावर फिरणारे जुनेच भोवरे राहिले. तो पंप पूर्वसूचनेवाचून बंद पडतो, आणि ढगात शिरलेल्या वैमानिकाला क्षितिज दाखवणारे उपकरण हळूहळू खोटे बोलू लागते. २०१६ मध्ये प्रशासनाने ही अट सैल केली आणि जुन्या विमानांत नवे पडदे बसू लागले. १ जानेवारी २०२० पासून बऱ्याचशा नियंत्रित हवाई क्षेत्रात विमानाने आपले स्थान स्वतःहून प्रक्षेपित करणे सक्तीचे झाले, तेव्हा साठ वर्षांच्या विमानांनाही उपग्रहाशी बोलावे लागले.

इंधनाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे केव्हाच गेले. पिस्टन विमानांच्या पेट्रोलमध्ये ते आहे. शिशाविना चालणाऱ्या एका पर्यायाला २०२२ मध्ये व्यापक मान्यता मिळाली, तरी त्याचा जुन्या टाक्यांवर आणि रंगावर काय परिणाम होतो यावर वाद चालू आहेत. २०२४ च्या कायद्याने शिसेयुक्त इंधनाला साधारण २०३० पर्यंतची मुदत दिली आहे. विमानतळाशेजारी वाढणाऱ्या मुलांच्या रक्तातले शिसे आणि जुने यंत्र टिकवण्याची हौस, यांचा हिशेब एकाच पानावर मांडावा लागणार आहे. टिकवण्याला किंमत असते, आणि ती नेहमी टिकवणाराच मोजतो असे नाही.

या साऱ्याचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला, तो लेपर्ड मॉथ या त्याच घराण्यातल्या जुन्या विमानातून. वर्तमानपत्रांनी वैमानिकाच्या वयाचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण लाकूड आणि कापडाचे ते विमान उडू शकले, कारण मधल्या दशकांत कोणीतरी त्याचे कापड, खिळे आणि तारा वेळोवेळी तपासल्या होत्या. त्यांची नावे सोहळ्याच्या वृत्तान्तात नसतात. ती फक्त लॉगबुकात सापडतात, तारखेच्या पुढे, सहीच्या जागी.