रजोनिवृत्ती : संप्रेरक उपचार
रजोनिवृत्तीत ईस्ट्रोजेन घटल्याने अंगातून गरम वाफा येतात, रात्री घाम फुटतो. त्यावर संप्रेरक उपचार हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. तरीही २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणीतील संयुक्त संप्रेरकांचा (ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन) भाग स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्यामुळे थांबवला गेला आणि जगभर धास्ती पसरली. हा धोका खरा होता : दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ८ जादा रुग्ण. परंतु सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीतल्या, झोप उडालेल्या स्त्रीला तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावणे अन्यायाचे ठरले. गर्भाशय काढलेल्यांना केवळ ईस्ट्रोजेन दिले तेव्हा हा धोका वाढला नाही. (गर्भाशय असल्यास मात्र प्रोजेस्टोजेनची जोड हवीच, अन्यथा त्याच्या अस्तराचा कर्करोग संभवतो.) स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत.