विज्ञान आश्रम, पाबळ

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावातील शिक्षणप्रयोग केंद्र. स्थापना १९८३. संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) हे अन्नतंत्रज्ञ होते. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचे काम सोडून ते येथे स्थायिक झाले. हाताने काम करता करता बुद्धी वाढते, ही त्यांच्या प्रयोगामागची धारणा. महात्मा गांधींच्या ‘नई तालीम’ या श्रमाधारित शिक्षणविचाराशी तिचे नाते उघड आहे.

शाळा सुटलेल्या किंवा पुस्तकी अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी येथे एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम चालतो. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य ही त्याची चार अंगे. मुले वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, रोपवाटिका, कुक्कुटपालन, रक्तगट तपासणी अशी कामे करतात, आणि मोजमाप व खर्चाचा हिशेबही स्वतःच मांडतात. विशेष महत्त्वाचे म्हणजे ही कामे सरावापुरती नसतात. गावकऱ्यांना हवी असलेली वस्तू वा सेवा दाम घेऊन पुरवली जाते. गिऱ्हाईक खरे असल्याने चूक लगेच कळते, काम जमले की त्याची किंमतही मिळते. नापासाचा शिक्का बसलेल्या मुलाचा आत्मविश्वास परत आणण्यात या व्यवहाराचा वाटा गुणपत्रिकेपेक्षा मोठा मानावा लागेल.

हाच आशय ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या विषयाच्या रूपाने माध्यमिक शाळांतही पोहोचला. तेथे आठवड्यातील एक दिवस कामासाठी राखला जातो. अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळाही उभी राहिली. एमआयटीबाहेरील ती जगातील अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक आहे.