दाजीपूरच्या पालीविषयी तळटीप

* मूळ मजकुरात ‘नवी जाती’ असे आले आहे, ते ही पाल अलीकडे उपजली अशा अर्थाने नव्हे. गिरी, बावर आणि गायकवाड यांनी २००९ साली ‘निमास्पिस कोल्हापुरेन्सिस’ असे नामकरण केले, त्याआधीही ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या जंगलात जमिनीलगत वावरतच होती. वेगळेपणाचा मुख्य पुरावा नराच्या अंगावर आहे: एका मांडीखालून निघून गुदद्वारापुढून दुसऱ्या मांडीपर्यंत जाणारी बारीक छिद्रांची ओळ. निमास्पिस प्रजातीतल्या बहुतेक इतर जातींत ती मध्येच तुटते किंवा नसतेच. इथे सलग आहे. एवढ्याशा छिद्रांवरून जाती ठरवायची का, असा आक्षेप येतो. एखाद्याच नरात ती ओळ दिसली असती तर तो रास्त ठरला असता; पण हे लक्षण नरामागून नरात तसेच आढळते. शिवाय आकार लहान म्हणून लक्षण क्षुल्लक होत नाही. मातीतल्या स्प्रिंगटेल या इवल्या जिवांच्या कितीतरी जाती तर अंगावरच्या केसांची संख्या आणि जागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच वेगळ्या काढतात. खरी अडचण निराळीच आहे. मादीच्या अंगावर ही छिद्रे नसतात, त्यामुळे एकट्या मादीची ओळख पटवताना खवल्यांची ठेवण आणि जनुकीय तपासणी यांचाच आधार घ्यावा लागतो. — संपादक