भिंती वेगळ्या, जमीन एकच

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे फटाक्यांचे गाव. शोभेच्या दारूचे काम लहान खोल्यांत, मध्ये अंतर सोडून करावे, हा या धंद्याचा नियम. एका खोलीतला भडका दुसरीत जाऊ नये म्हणून. एकाच संगणकावर अनेक प्रोग्राम अलग ठेवणारे ‘कंटेनर’ याच विचाराचे. मात्र तेथे खोल्यांमध्ये अंतर कधी नव्हतेच.

प्रारंभ १९७९चा. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ आले. प्रोग्रामला फायलींचा ठरावीक भागच दिसावा, एवढेच त्याचे काम. तो पडदा होता. लोकांनी त्याला तट मानले. २००० साली फ्रीबीएसडीने ‘जेल’ आणले, २०१३ मध्ये डॉकरने कंटेनर सर्वांच्या हाती दिले. भिंती वाढल्या, पण सगळ्या खोल्यांखालचा गाभा, म्हणजे कर्नल, एकच राहिला. (स्वस्ताई आणि वेग त्यातूनच तर येतो!)

फेब्रुवारी २०१९ मध्ये वर्म उघडे पडले. कंटेनर सुरू करणारा आणि त्यात प्रवेश करून देणारा प्रोग्राम म्हणजे ‘रनसी’. प्रशासकाने त्याच्यामार्फत आत प्रवेश केला, की आत दबा धरून बसलेला घातक प्रोग्राम मूळ यंत्रावरील रनसीची फाईलच बदलू शकत असे. पहारेकरी पाहणीला आत जावा आणि त्याच्या वेषात शत्रू बाहेर यावा, तसे. पुढच्या वेळी रनसी चालला की यंत्राचा सर्वाधिकार हल्लेखोराकडे. दुरुस्ती झाली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच रनसीत दुसरे भगदाड सापडले: मूळ यंत्राच्या फोल्डरकडे नेणारा एक दुवा आत उघडाच राहत होता.