परक्या कानांनी ऐकलेली गाणी



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलण्यासाठी कामगार संघटनेतल्या माणसाला बोलवावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल, आम्हालाही वाटले. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले, आणि गेटसभेत, लेबर कोर्टाच्या बाकावर व रद्दीच्या दुकानात पुष्कळ झाले. तेव्हा विद्वत्तेचा आव आम्ही आणणार नाही. एका जुन्या पुस्तकाने आमच्या डोक्यात जो प्रश्न घातला, तो आपल्यापुढे ठेवणार आहोत.

ते पुस्तक आम्हाला फोर्टच्या पदपथावर मिळाले. आल्बर्ट लॉर्ड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचे, १९६० साली निघालेले. नाव ‘द सिंगर ऑफ टेल्स’, म्हणजे ‘कथा गाणारा’. हा तर आपला शाहीरच, असे वाटून आम्ही ते घेतले आणि शब्दकोश शेजारी ठेवून तीन महिन्यांत वाचून काढले. विषय होता बाल्कन प्रदेशातील, म्हणजे त्या वेळच्या युगोस्लाव्हियातील गाणारांचा. लॉर्ड यांचे गुरू मिल्मन पॅरी हे १९३३ साली आणि पुन्हा १९३४-३५ मध्ये तेथे गेले. पॅरी ग्रीक भाषेचे अभ्यासक. होमरची महाकाव्ये लेखणीशिवाय कशी रचली गेली असतील, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. आणि मेलेल्या कवीला विचारता येत नाही, म्हणून ते जिवंत गाणाऱ्यांकडे गेले. मध्येच तबकडी संपून गाणे तुटू नये, ह्यासाठी त्यांनी दोन तबकड्या आळीपाळीने चालणारे यंत्र मुद्दाम करवून घेतले होते. ॲल्युमिनियमच्या साडेतीन हजारांवर तबकड्या भरल्या. डिसेंबर १९३५ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी पॅरी वारले, आणि पुढचे काम लॉर्ड यांनी केले.

त्या गाणाऱ्यांचे वाद्य ‘गुस्ले’. त्याला एकच तार असते, आणि ती गजाने वाजवतात. गोंधळ्याच्या आणि शाहिराच्या साथीला जे तुणतुणे असते त्यालाही तार एकच; फरक एवढाच की ती आपण छेडतो. तेथल्या गाणाऱ्यांत सर्वांत मोठा आव्दो मेजेदोविच. हा बियेलो पोल्ये गावाजवळच्या एका खेड्यातला खाटीक. त्याला लिहितावाचता येत नव्हते. त्याने सांगितलेली एक कथा बारा हजार ओळींच्या वर भरली. एकदा पॅरींनी दुसऱ्या गाणाऱ्याकडून आव्दोला अगदी नवे असे गाणे त्याच्यासमोर म्हणवून घेतले, आणि मग त्यालाच ते गायला सांगितले. आव्दोने ते तेथल्या तेथे जवळजवळ तिप्पट लांबीचे करून गायले. ह्यावरून पॅरी आणि लॉर्ड यांनी दाखवून दिले की हे लोक गाणे पाठ करून म्हणत नाहीत. बांधेसूद शब्दप्रयोगांचा साठा त्यांच्या जिभेवर असतो, आणि समोरचा श्रोता व हाती असलेला वेळ पाहून ते गाता गाताच गाणे रचतात. हे वाचून आम्हाला हसू आले. तीच मागणी पहिल्या पाळीच्या गेटवर पाच मिनिटांत आणि दुसऱ्या पाळीच्या गेटवर पाऊण तासात मांडणारे वक्ते आम्ही जन्मभर पाहिले आहेत.

पुढे आमच्या मुलाने त्या मुलखातले गाणे मोबाईलवर शोधून ऐकवले. एक शब्दही कळला नाही. पण कोणीतरी आपल्या माणसांसमोर बसून त्यांची हकीकत त्यांनाच सांगतो आहे, एवढे कळले. आणि तेव्हाच प्रश्न पडला: ज्याला भाषा येत नाही तो परका माणूस दूरवरून येऊन हे ऐकतो, टिपतो, जपतो, मग ज्यांच्या घरातले हे गाणे आहे ते काय करत असतात? आणि आपल्या महाराष्ट्रात काय घडले?

बाल्कन प्रदेशात परक्याचे कान पॅरींच्याही आधी पोहोचले होते. १७७४ साली आल्बेर्तो फोर्तिस नावाच्या इटालियन धर्मगुरूने डाल्मेशियाच्या प्रवासवर्णनात तेथले एक गाणे छापले. हसन आगाच्या टाकलेल्या बायकोची आणि तिच्यापासून तोडलेल्या लेकरांची ती कहाणी. महाकवी गटे यांनी ती जर्मन भाषेत नेली आणि युरोपभर तिचे नाव झाले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८१४ साली, त्या भूमीचाच सुपुत्र वुक कराजिच याने व्हिएन्नात आपल्या लोकांच्या गाण्यांचा पहिला संग्रह काढला. वुकने गाण्यांचे दोन भाग पाडले: एक वीरांची गाणी, दुसरी बायकांची गाणी. ही वाटणी लक्षात ठेवावी. आपल्याकडेही हेच दोन भाग आहेत: डफावरचा पोवाडा आणि जात्यावरची ओवी.

आता पोवाड्याकडे येऊ. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी आणि काही काळ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असलेले हॅरी ॲक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर गोंधळ्यांकडून पोवाडे मिळवले आणि १८९१ साली ते छापले. १८९४ साली त्यांनी त्यांतल्या काहींचे इंग्रजी पद्यात रूपांतर लंडनला प्रसिद्ध केले. शिवकाळातील अज्ञानदासाचा अफझलखानावरचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडावरचा पोवाडा सुशिक्षितांच्या हाती पडण्यात ह्या उद्योगाचा वाटा मोठा आहे. ज्या राज्याने मराठ्यांचे राज्य बुडवले, त्याच राज्याचा अधिकारी मराठ्यांच्या पराक्रमाची गाणी गोळा करतो, ही गोष्ट गंमतीची खरी. पण विचार करण्याजोगीही आहे. बुडालेल्या सत्तेचे गाणे ऐकताना जेत्याला भीती नसते. त्याला ते गोड लागते. त्याच मुंबईत त्याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे गिरणीकामगारांना एकत्र करत होते, आणि १० जून १८९० रोजी त्यांनी रविवारची सुट्टी मिळवली. मेलेल्या लढाईचे गाणे संग्रहात जाते, चालू लढाईचे गाणे रस्त्यावर राहते.

पण परक्यानेच आपल्याला पोवाडा शिकवला, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. जोतीराव फुल्यांनी छत्रपती शिवाजीराजांचा पवाडा १८६९ साली रचला, म्हणजे ॲक्वर्थ यांच्या बावीस वर्षे आधी. आणि तो जुन्या कपाटासाठी रचला नव्हता, शेतकऱ्या-कष्टकऱ्याला जागे करण्यासाठी रचला होता. १९२८ साली य. न. केळकरांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला खंड काढून संशोधनाचा पाया पक्का केला. आणि आमच्या ह्याच उपनगरांत, घाटकोपरच्या चिरागनगरात राहणाऱ्या अण्णाभाऊ साठ्यांनी व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राडची लढाई पोवाड्यात आणली. कोणी परका ऐकायला येईल म्हणून अण्णाभाऊ थांबले नव्हते. ते स्वतःच दूरचे ऐकून आपल्या माणसांना सांगत होते.

आणखी एक गोष्ट. परका कधी एकटा ऐकत नाही. ॲक्वर्थ यांच्याबरोबर शाळिग्राम होते. पॅरींबरोबर निकोला वुयनोविच हा हर्झेगोव्हिनातला तरुण होता. गाणाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलून त्यांना प्रश्न विचारणारा तोच. पुस्तकाच्या पाठीवर बहुधा एकच नाव मोठ्या अक्षरांत येते. कारखान्यात माल एकाच्या नावाने विकला जातो, पण तो किती हातांनी केलेला असतो, हे आम्ही जाणतो. म्हणून दुसरे नाव शोधण्याची आम्हाला खोडच लागली आहे.

पोवाड्याचे एक बरे असते. शेवटी शाहीर आपले नाव गुंफतो. ओवीला नाव नसते. कमलाबाई देशपांडे यांनी १९४८ साली स्त्रीगीतांवरच्या आपल्या पुस्तकाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. वेदांना लावायचा शब्द बायकांच्या गाण्याला लावला, आणि त्यात पुरुषांनी न रचलेले हा अर्थही साधला. त्यांच्याआधी साने गुरुजींनी घराघरांतून ओव्या जमवल्या होत्या. पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारा मोठे काम केले. म्हणजे आपल्या माणसांनी ऐकलेच नाही, असेही नाही.

तरी सर्वांत मोठा संग्रह उभा राहिला तो एका परक्याच्या आणि एका मराठी बाईच्या जोडीने. गी पॉइतवाँ हे १९३४ साली फ्रान्समध्ये जन्मले, १९७२ साली पुण्यास येऊन राहिले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्याबरोबर ते मावळ-मुळशीच्या डोंगरी भागातील गरिबांच्या संघटनेत काम करत होते. तेथे बायकांना बोलते करायचे होते. सभेत बायका बोलत नसत. पण जात्याचा विषय निघाला की ओव्या बाहेर पडत, आणि जे सभेत निघत नव्हते ते सगळे त्या ओव्यांत असे. तेथून हा उद्योग वाढला. हजारांहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या लिहून घेतल्या गेल्या. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीतसंशोधकाच्या साह्याने ध्वनिमुद्रण झाले आणि संगणकावर सूची तयार झाली. आईच्या, भावाच्या, सीतेच्या, पंढरीच्या ओव्या त्यांत आहेत. आणि माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. पॉइतवाँ २००४ साली वारले, राईरकर २०१० साली. २०१७ पासून ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या केल्या आहेत.

ह्या संग्रहात आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती एक साधी गोष्ट. गाणारणीचे नाव, तिचे गाव, तिची जात ह्यांची तेथे नोंद आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर हे मस्टर आहे.

येथे जात्याविषयी एक सांगितले पाहिजे. पहाटे उठून दोन बायका समोरासमोर बसत आणि खुंट्याला हात घालून घरादाराचे दळण दळत. ते ओढताना श्वासाला जो ठेका लागे, त्यावर ओवी बसे. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. जाते थांबले तशी ओवीही थांबली. पुष्कळांना ह्याची हळहळ वाटते. आम्हाला जाते थांबल्याची हळहळ वाटत नाही. ज्या बाईचे खांदे उतरले तिला विचारावे. कष्ट हलके झाले हे चांगलेच झाले. वाईट एवढेच झाले की त्या कष्टांत तिने जे निर्माण केले होते, ते कोणी आपल्या हिशेबात धरले नाही. युरोपातला मोठा संगीतकार बेला बार्टोक अखेरच्या वर्षांत, १९४१-४२ मध्ये, न्यूयॉर्कला बसून पॅरींच्या तबकड्यांवरून स्वरलेखन करत होता. वीरांच्या इतक्या कथा हाताशी असता त्याने मुख्यतः बायकांची पंचाहत्तर गाणी स्वरलेखनासाठी घेतली. ते पुस्तक १९५१ साली निघाले, तेव्हा बार्टोक हयात नव्हता.

आता आमच्या अपराधाची गोष्ट. चारकोप म्हणजे पूर्वी गावठाण, कोळीवाडा आणि खाडी. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साह्याच्या योजनेत म्हाडाने येथे लहान लहान भूखंड पाडले, आणि कोकणातली, घाटावरची, मराठवाड्यातली कुटुंबे सेक्टर-सेक्टरमध्ये शेजारी आली. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी येथल्या सफाईकाम करणाऱ्या कंत्राटी बायकांचा लढा आम्ही चालवत होतो. मुख्य मागणी एकच, मस्टरवर नाव. मस्टरवर नाव नाही तर पगाराचा पुरावा नाही, फंड नाही, अपघात झाला तर ती बाई कामावर होती हेसुद्धा सिद्ध होत नाही. धरण्याच्या रात्री गेटबाहेर एका म्हाताऱ्या बाईने ओव्या म्हणायला सुरुवात केली. चाल जात्याची, पण भावाच्या जागी युनियन आणि सासूच्या जागी कंत्राटदार. बायका हसत होत्या, रडत होत्या. आम्ही दुसऱ्या दिवशीच्या पत्रकाचा मजकूर लिहीत बसलो होतो. इतिवृत्तात आमच्याच हातची एक ओळ आहे: रात्री भगिनींनी गाणी म्हटली.

लढा जिंकला. मस्टरवर एकेचाळीस नावे लागली. ती यादी आजही आमच्याकडे आहे. पॉइतवाँ-राईरकरांचा संग्रह ऐकल्यावर त्या बाईला शोधायला आम्ही निघालो. तिला सगळे मावशी म्हणत; आम्हीही मावशीच म्हणत होतो. चार सेक्टर फिरलो. कोणी सांगितले, खोली विकून गावी गेली. कोणी सांगितले, वारली. गाव कोणते, ते कोणाला आठवेना. एकेचाळीस नावांत तिचे नाव नक्की आहे. ते कोणते, हे आम्हाला सांगता येत नाही.

परक्याचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात, असे आम्ही मानत नाही. परक्याला विचारावे लागते: हे काय, हे कोणी रचले, तुमचे नाव काय? आपल्याला सगळे ठाऊक आहे असे आपण धरून चालतो, म्हणून विचारत नाही. मावशी म्हटले की काम भागते. आपुलकीच्या ह्या शब्दाखाली एक माणूस बेनाव होऊन गेले.

येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी सत्तरी-ऐंशी उलटलेली आई, आजी, सासू असेल. आमची विनंती एवढीच की आज घरी गेल्यावर तिला एक ओवी विचारावी आणि कागदावर उतरवून घ्यावी. मात्र वहीत सर्वांत वर, ओवीच्या आधी, तिचे नाव लिहावे: माहेरचे आणि सासरचे, दोन्ही, आणि त्याखाली गाव.