‘लिबएसएसएल’ का सापडत नाही : एका ओळीवरचे भाष्य

मीरा-भाईंदरमधल्या एका छापखान्यात संगणक उबंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेला. अपग्रेडच्या शेवटी ‘जुनी पॅकेजेस काढू का?’ याला ‘हो’ म्हटले गेले आणि बिलांचा प्रोग्राम उघडेनासा झाला. टर्मिनलमध्ये एकच ओळ उमटली.

‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज :’
बोलतो कोण, हे आधी पाहावे. ही ओळ लोडरची आहे. प्रोग्रामला लागणाऱ्या सामायिक लायब्ऱ्या शोधून मेमरीत जोडणे हे त्याचे काम. तेच अडले, त्यामुळे प्रोग्रामच्या मूळ कोडची पाळीच आली नाही. सेटिंग पुसून काही साधणार नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘फॉरमॅट मारून देतो.’ हे मला अजिबात मान्य नाही. पुन्हा २२.०४ च बसवली तर ओळ तीच येणार, आणि बॅकअप नसेल तर बिले मात्र कायमची जाणार.

‘लिबएसएसएल.एसओ.१.१ :’
सगळा अर्थ या चरणात आहे. ही ओपनएसएसएलची, सुरक्षित जोडणीची लायब्ररी. शेवटचा आकडा म्हणजे हमी : १.१ साठी बांधलेल्या प्रोग्रामला फंक्शने त्याच रीतीने मिळतील. १.१.१ आवृत्ती ११ सप्टेंबर २०१८ ला आली. ७ सप्टेंबर २०२१ ला ३.० आली, जुनी हमी संपली, म्हणून फाइलच्या नावात ‘एसओ.३’ आले. एप्रिल २०२२ च्या उबंटू २२.०४ ने ३ घेतली आणि १.१ वगळली. यात अपडेटचा दोष मी मानत नाही. २०१४ चे ‘हार्टब्लीड’ हे सुरक्षेचे छिद्र याच लायब्ररीत निघाले होते. ती जुनी ठेवणे धोक्याचे आहे.

‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल :’
लोडर पहिल्या हरवलेल्या नावापाशीच थांबतो. पूर्ण यादी ‘एलडीडी’ ही आज्ञा देते. तिथे ओपनएसएसएलच्याच दुसऱ्या लायब्ररीपुढे, लिबक्रिप्टो.एसओ.१.१ पुढेही ‘नॉट फाउंड’ दिसले.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’
हे कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे उत्तर, आणि ते शब्दशः खरे आहे. पूर्वपक्ष असा : मग ‘एसओ.३’ लाच १.१ नावाची लिंक द्यावी. तसे केले की ‘ओपनएसएसएल_१_१_०’ ही आवृत्ती सापडत नाही, अशी नवी तक्रार येते. फंक्शनांवरही आवृत्तीची खूण असते आणि लोडर ती ताडून पाहतो. पूर्वपक्ष इथेच पडतो.

सिद्धांतपक्ष असा : प्रोग्राम बनवणाऱ्याकडून ३ साठी बांधलेली प्रत मागावी. ती येईपर्यंत १.१ च्या दोन्ही फाइली प्रोग्रामच्याच फोल्डरात ठेवून ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ फक्त त्याच्यापुरता लावावा. सिस्टिमच्या फोल्डरात त्या टाकू नयेत. १.१.१ ची सर्वांसाठीची देखभाल ११ सप्टेंबर २०२३ ला संपली आहे, म्हणून नवी प्रत येईपर्यंत हा प्रोग्राम इंटरनेटशी जोडू नये.