तळटीप : भंडाऱ्याची पलभा

‘पलभा’ म्हणजे विषुवदिनी, माध्यान्ही, १२ अंगुळे उंच शंकूची सावली. ती १२ गुणिले अक्षांशाचा स्पर्शक एवढी भरते. भंडारा शहराचा अक्षांश सुमारे २१° १०′. याचा स्पर्शक काढताना ग्रंथकाराने टेलर श्रेणी शून्याभोवती न मांडता २२° ३०′ भोवती का मांडली, हे विद्यार्थ्याने नीट पाहावे. तिथे स्पर्शकाची किंमत नेमकी, √२ − १, म्हणजे ०.४१४२१ आहे, आणि भंडारा तिथून फक्त १° २०′ मागे आहे. हे अंतर रेडियनमध्येच घ्यायचे : −०.०२३२७. (इथे अंश तसेच ठेवले की सगळे गणित फसते; ही चूक फार जणांची होते.) पहिला विकलज १ + स्पर्शकाचा वर्ग, म्हणजे १.१७१५७, त्याचे पद −०.०२७२६. दुसऱ्या विकलजाचा निम्मा ०.४८५२८, त्याचे पद +०.०००२६. बेरीज ०.३८७२१, पलभा ४.६५ अंगुळे. शून्याभोवती एवढ्याच अचूकतेला चार शून्येतर पदे लागतात. टेलरचा ग्रंथ १७१५ चा; ज्येची अशी श्रेणी केरळात माधवाच्या परंपरेत त्याआधीच होती.